कुणीही छापावं असं पुस्तक

रविवार, ३ मार्च

उस्ताज शुक्रींकडून चौथं प्रकरण परत आलं. सगळं लाल! मी 'सर्व्हर'ला सरळ 'सर्व्हर'च लिहिलं होतं, त्यांनी सगळीकडे 'खादिम' करून टाकलंय — म्हणजे चाकर. फोन केला, म्हटलं पोरं वर्गात हसतील. तर म्हणे, हसू देत, मग विसरणार नाहीत. जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेला माणूस, कोण वाद घालणार.

आमच्या अरबीतल्या नेटवर्कच्या पुस्तकाची बारा प्रकरणं लिहून झालीत. पहिली सहा माझी, पुढची सहा गस्सानची. आता भाषा तपासायची, चित्रं काढून घ्यायची, पानं लावायची, छापायचं. आणि यातल्या एकाही कामासाठी आमच्याकडे दमडी नाही. उस्ताज एकदाही पैशांचं बोलत नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटते.

सोमवार, ४ मार्च

वर्गातल्या साबरीनने आज नेटवर्कचे सातही थर इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवले. मी खूश. म्हटलं, आता या दोन कॉम्प्युटरांचं एकमेकांशी का जमत नाहीये तेवढं बघ. वायर काढून परत लावली. मग हळूच म्हणाली, "मिस्, हे पाठ करायला नव्हतं."

शेवटच्या वर्षाची मुलगी! चूक तिची नाही. तिला तिच्या भाषेत कुणी सांगितलंच नाही.

शुक्रवार, ८ मार्च

गस्सानकडे जेवायला. रीमने मकलूबा केला होता. पातेलं उलटं करताना पोरांचा गलका, भात जरा कोसळला, तर रीम नवऱ्यावरच डाफरली — तुमच्या त्या पुस्तकाकडे बघत बसले म्हणून!

गस्सान होम्समध्ये इंजिनियर होता. इथे इर्बिदमध्ये सिरियन माणसाला ते काम करायची परवानगी नाही. म्हणून मोबाईलच्या दुकानामागे एका खोलीत बसून दुरुस्त्या करतो, तपासणीवाले आले की मागच्या मागे पसार. सर्व्हर आणि सुरक्षेवरची सहा प्रकरणं त्याने त्या खोलीत लिहिलीत. मला तशी लिहिता आली नसती.

पुस्तक कुणीही उतरवून घ्यावं, छापावं, विकावंसुद्धा, फक्त आमचं नाव ठेवावं आणि पुढच्यालाही हीच मोकळीक द्यावी — हा हट्ट त्याचा. होम्सला ज्या पुस्तकांवर तो शिकला त्यांचे हक्क एका प्रकाशकाकडे होते. प्रकाशक मेला, गोदाम जळलं, ती पुस्तकं परत छापायचा अधिकार कुणालाच उरला नाही. हे सांगताना त्याचा आवाज अजून चढतो. आमचं ठरलंय, ज्याची प्रकरणं त्याच्या मालकीची, आणि पुस्तक निघेल त्या दिवशी दोघांनी मिळून खुली करायची.

गुरुवार, १४ मार्च

हाज्ज फव्वाजना भेटले. युनिव्हर्सिटी रस्त्यावरचं त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आता तीन मजली झालंय. मरमियाचा पाला घातलेला चहा, खजूर, फार अगत्य. आमची प्रकरणं त्यांनी खरंच वाचली होती, खुणा करून. सगळा खर्च उचलतो म्हणाले. रंगीत छपाई, चित्रकार, उस्ताजांचं मानधन, सगळं. हक्क मात्र त्यांच्या कंपनीचे. फुकट प्रत कुठेही नाही.

मी खुल्या परवान्याचं सांगितलं. ऐकून घेतलं, मग हसत म्हणाले, "मुहंदिसा, इंजिनियरबाई, तुम्ही पुस्तक लिहिलंत का खैरातीचं जेवण वाढताय?"

कागद घेऊन घरी आले. जाग्यावर बसवत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

गस्सानला सांगितलं. वाईट झालं. मी म्हटलं, उस्ताजांना किती दिवस फुकट राबवायचं, चित्रकाराला काय तोंड दाखवायचं. तो म्हणाला, तुझी सहा विक. माझी त्या माणसाला मिळणार नाहीत. "ज्याला कुलूप लावायचंय त्याने स्वतः लिहावं!" रीम स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

घरी येताना रडू आलं, मग राग आला. तत्त्वं सगळी त्याची, आणि दारोदार फिरायचं मी.

गुरुवार, २१ मार्च

मातृदिन. आईला शाल दिली. भावांचे फोन होऊन गेल्यावर तिने विषय काढलाच. तीन वर्षं ना कुणाच्या लग्नाला गेलीस, ना धड घरात बसलीस, आणि आता ते फुकट वाटणार? खालची उम्म लैस विचारते, तुमची नुहाद काय लिहिते, तर काय सांगू, आमची नुहाद दानधर्म करते?

मी म्हटलं, विकायचं ठरतंय. वाटलं खूश होईल. शाल घडी करत बसली. जरा वेळाने म्हणाली, मग तोंड असं का केलंयस?

मंगळवार, २६ मार्च

सही करायला गेले होते. गस्सानला न सांगता. निदान माझी प्रकरणं तरी देऊन टाकावीत, बाकीचं मग बघू. हाज्जनी पेन पुढे केलं. मी सहज विचारलं, माझ्या वर्गाला प्रती काढून वाटल्या तर चालेल ना?

"दुकानातून घेतील की. तुमच्या मुलींना सवलत देऊ."

ते वाईट अर्थाने बोलले नाहीत. पण मला साबरीन दिसली, आणि अर्ध्या वर्गाच्या पायातले झिजलेले बूट दिसले. पेन खाली ठेवलं. काय बोलले धड आठवत नाही. जिन्यावरून त्यांचा आवाज आला, नीट विचार करा, मी कुठे पळून जात नाही.

बाहेर आले. हातात आलेलं घालवलं. मूर्ख!

बुधवार, २७ मार्च

उस्ताज शुक्रींना सगळं खरं सांगितलं. मानधन मिळणार नाही, हेही. मग म्हणाले, "माझं नाव पुढे करून पुस्तक विकायला निघालीस, हा अपमान मी या एका वेळेपुरता विसरतो. पाचवं प्रकरण कधी पाठवतेस?"

मंगळवार, २ एप्रिल

मी सही न करता परत आले, हे गस्सानला कळलं. फोन ठेवला, आणि तासाभरात दारात उभा, हातात ताज्या काअकची, तिळाच्या पावांची पिशवी. आईनेच बसवून घेतलं.

ठरलं. लोकांकडेच मागायचं, थोडं थोडं, ज्याला जे जमेल ते. दोघांनी मिळून आवाहन लिहिलं. गस्सानचं वाक्य सगळ्यात चांगलं: हे पुस्तक एकदा बाहेर पडलं की आम्हालाही परत कोंडता येणार नाही. जसंच्या तसं ठेवलं.

शुक्रवार, ५ एप्रिल

काहीच नाही. दर पाच मिनिटांनी फोन बघतेय. भावाने दिले, ते मोजत नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

येतायत! मोसुल, सना, ओरान. एकाने लिहिलंय, कॉफीचे पैसे पाठवतोय, पण मला 'खादिम'वरचं प्रकरण पाहिजे. उस्ताजांना वाचून दाखवलं. "बघ!" एवढंच म्हणाले.

मंगळवार, ३० एप्रिल

झालं. रमजानच्या आत झालं. चित्रकाराचे पैसे दिले, छापखान्याला आगाऊ रक्कम दिली. उस्ताजांनी पाकीट घेतलं, न उघडता खिशात घातलं आणि सातव्या प्रकरणातल्या एका स्वल्पविरामावरून मला झापलं. ईदला पुस्तक खुलं करायचं, तसं जाहीरही केलं. बाराच्या बारा प्रकरणं, असं ठळक लिहिलं.

एवढं सगळं होऊनही स्वस्थता नाही. गस्सान चार दिवस फोन उचलत नाहीये. रीम म्हणते, काम फार आहे.

बुधवार, ८ मे

रोजा सुटल्यावर गस्सान आला. आत ये म्हटलं, आला नाही. जिन्यातच उभा. हाज्ज फव्वाजनी त्याला नोकरीवर घेतलंय, काम करायच्या अधिकृत कागदासकट. बदल्यात त्याची सहा प्रकरणं. सही करून आला होता.

"मला शिव्या घाल, नुहाद."

मी मबरूक म्हटलं, अभिनंदन. मनापासून म्हटलं. रीमला, पोरांना सलाम सांग म्हटलं. तो उतरून गेला.

आईने ताट झाकून ठेवलंय. मी टेबलाशी बसलेय. प्रकरण सातवं, आता माझ्या हातचं, नव्याने. पहिलं वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. त्याच्याइतकं चांगलं नाही.