नऊ वाजताची मीटिंग

बाबा, तुमचं मंडळ पाडलं. पाडलं म्हणजे माणसं तीच आहेत, सतरंजी पण तीच आहे, फक्त खुर्चीवरचा माणूस एका रविवारी बदलला. आणि तो बदलताना टेंपो मी चालवत होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढचं ऐकताना माझ्या तोंडाकडे बघत बसाल आणि मला धड बोलता येणार नाय. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली तरी ते बघणं मला अजून तसंच दिसतं.

आपल्या वाडीतली जेवढी घरं रत्नागिरीहून इकडे मीरा रोड-भाईंदरला येऊन राहिली, त्यांचं मंडळ तुमच्या वेळेसारखंच चालू होतं. शिमग्याला पालखी कधी निघणार, देवळाचा पत्रा कधी बदलणार, दोन घरांत भांडण लागलं तर ते कोर्टात न जाता कसं मिटवायचं, सगळं हाटकेश भागातल्या त्या गाळ्यात रविवारी ठरायचं. अध्यक्ष तेच तुमचे अण्णा. पंच पण तसेच, तांब्यात घरांच्या चिठ्ठ्या टाकून तीन काढायच्या, तीन वर्षं त्यांनी न्याय करायचा आणि तेवढ्या काळात कमिटीने त्यांना हात लावायचा नाय. गेल्या वर्षी आपल्या घराची चिठ्ठी निघाली. आई मला म्हणाली, "देवाला पण कधीकधी मस्करी सुचते." शाळेत नववीत दोनदा बसलेला मी, वर्गात सरांच्या खुर्चीला खाजखुजली लावणारा, आणि मी पंच.

आता तो रविवार सांगतो. मी शांती नगरात पाण्याचे जार टाकायचं काम करत होतो, आपल्याच वाडीतल्या दादाकडे. दादा वाईट माणूस नाय. अण्णा चार वर्षं देवळाचा पत्रा बदलू बदलू म्हणत होते आणि देवावर पाणी गळत होतं, हे दादाचं खरंच होतं. पण दादाला थांबवत नव्हतं. वार्षिक मीटिंग अकराची. आदल्या दिवशी त्याने व्हॉट्सॲपवर दुसरा ग्रुप काढला, त्यात फक्त स्वतःच्या बाजूची माणसं घेतली आणि मेसेज टाकला, मीटिंग नऊला. मला म्हणाला, "टेंपो घे, पाच बिल्डिंग फिर, सगळ्यांना उचलून आण." मला आधी काय कळलंच नाय, कळलं तेव्हा मला भारी वाटलं. खोटं कशाला बोलू. अकरा वाजता अण्णा त्यांची वही काखेत धरून आले तेव्हा दादाला अध्यक्ष म्हणून हार घालून झाले होते, फोटो काढून झाले होते, हजेरीवर सह्या झाल्या होत्या. अण्णा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माझं घड्याळ मागे पडलंय काय रे?" सगळे हसले. मी पण हसलो. मग अण्णांनी चपला काढल्या, आत येऊन सतरंजीवर मागे बसले, आणि मला ते बघवेना.

तो गाळा तुम्हाला आठवत असेलच, तुम्ही तिथेच स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचात. मी डबा घेऊन यायचो तेव्हा तुमचं तोंड एवढं काळं असायचं की एकदा मी दुसऱ्याच माणसाला बाबा म्हणून डबा दिला आणि त्याने तो निम्मा खाल्ला पण. रविवारी मालक गाळा मंडळाला द्यायचा. तुम्ही सकाळी जाऊन झाडायचात, मशीनवर चादर टाकायचात, घरी येऊन आंघोळ करायचात आणि मग पंच म्हणून परत जायचात. निघताना आई तुमचा थर्मास भरून द्यायची, कारण तुमचा नियम होता, निकाल लागेपर्यंत पंचाने कोणाच्या घरचा चहा पण प्यायचा नाय. लोक चिडवायचे, "काय ओ, चहात काय विष घालणार हाय काय आम्ही?" तुम्ही म्हणायचात, "विष नसतं, साखर असते. तीच वाईट."

मी अकरा वर्षांचा. गावच्या एका काकूच्या दारात जायची वाट शेजाऱ्यांनी दगडांचा गडगा घालून बंद केलेली, त्याची सुनावणी, ती त्यासाठी गावाहून आलेली. काकूचा नवरा गेलेला, एकटी बाई. शेजाऱ्यांनी सगळ्यांसाठी किटली भरून चहा आणलेला. मला बघायचं होतं, तुम्हाला फरक कळतो की उगाच भाव खाता. मी आईचा चहा मोरीत ओतला आणि थर्मासात त्यांचा भरला. तुम्ही एक घोट घेतलात. झाकण हातात तसंच राहिलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी हसू दाबत होतो. मग तुम्ही उठून उभे राहिलात. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही सगळ्यांना म्हणालात, "मी यांच्या घरचा चहा प्यालोय. मला या कामात बसता येणार नाय." माणसं म्हणाली, अहो एक घोट, बसा. तुम्ही नाय बसलात. माझं नाव पण नाय घेतलंत. घरी आल्यावर आईसमोर एवढंच म्हणालात, "गंमत तू केलीस, पण ती बाई वाट बघत बसेल." तुमच्या जागी ज्याची चिठ्ठी निघाली तो गावी होता, तो येईपर्यंत महिना गेला, मधे शिमगा झाला. गडगा होता म्हणून त्या वर्षी पालखी तिच्या दारात गेलीच नाय. ती पालखीसाठी नारळ-तांदूळ घेऊन ताटकळत उभी होती असं आईने नंतर सांगितलं. तुम्ही मला मारलं असतंत तर बरं झालं असतं बाबा. मार विसरायला होतो.

ती काकू आता इकडे भाईंदरलाच राहते आणि माझ्या शेजारी पंच म्हणून बसते, तिची पण चिठ्ठी निघाली. तिसरा एक रिक्षावाला आहे, तो फक्त मान हलवतो. अण्णांनी तक्रार दिली, नऊची मीटिंग खोटी आहे. दुसऱ्या दिवशी दादाने मला सकाळी जार भरताना बाजूला घेतलं. "बघ, मी तुला काय सांगत नाय. निकाल तुझा. पण अण्णांच्या बाजूने गेलास तर पुढच्या मीटिंगला ठराव येईल, पंच इथून पुढे कमिटी नेमणार. चिठ्ठ्याबिठ्ठ्या बंद. म्हणजे तुझ्या बापाची पद्धत तुझ्याच हाताने जाईल. विचार कर." मी म्हटलं, "दादा, तुम्ही काय सांगत नाय म्हणालात ना?" तो हसला. पण त्या दिवसापासून मला ज्या बिल्डिंगींना लिफ्ट नाय त्याच मिळायला लागल्या. चार-चार माळे, खांद्यावर जार. वरून एक मारवाडी काकी रोज विचारायची, "बेटा, पतला क्यों हो रहा है?" मी तिला सांगायचो, "काकी, न्याय कर रहा हूँ."

काकूला मी एकदा विचारलं, माझ्या बाबांनी तेव्हा बरोबर केलं काय? ती म्हणाली, "तुझ्या बापाने एका घोटापायी माझी पालखी घालवली. मी दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाय." मग स्वतःच म्हणाली, "पण पुढे निकाल माझ्या बाजूने लागला तेव्हा शेजारी एक शब्द बोलू शकले नाय. आजपण तो गडगा नाय." मी तिला सांगितलं की तो चहा मी भरला होता. ती म्हणाली, "ते मला तेव्हाच कळलं होतं. सगळे गंभीर, तू एकटा तोंडावर हात धरून बसलेलास." आणि तिने पिशवीतून लाडू काढून मला दिला. मी घेतला, कारण पंचाने पंचाचा लाडू खायला काय हरकत नसावी. तुम्हाला विचारायला हवं होतं.

सुनावणीला मी आधी उभा राहिलो. म्हटलं, त्या दिवशी टेंपो मी चालवला, दादाचा पगार मी घेतो, मला उठवायचं असेल तर उठवा. दादा लगेच म्हणाला, "छे छे, बस तू, आमचा विश्वास हाय." का ते मला कळत होतं. मी अण्णांकडे बघितलं. ते म्हणाले, "बसू दे. टेंपो त्याने चालवला म्हणजे किती वाजता चालवला ते तरी त्याला नक्की माहीत असेल." यावेळी दादाच्या बाजूची माणसं अण्णांना नाय, अण्णांच्या बोलण्याला हसली. निकाल पुढच्या रविवारी दिला. दोन विरुद्ध एक, मी आणि काकू एका बाजूला, रिक्षावाल्याने यावेळी मान हलवली नाय. मी उभं राहून वाचला. ज्या मीटिंगची वेळ सगळ्यांना सांगितली नाय ती मीटिंग नाय. परत घ्या, सगळ्यांना सांगून घ्या.

परत घेतली. आणि दादाच जिंकला, सरळ हात वर करून, चांगल्या मतांनी. पत्र्याचं काम सुरू पण झालं. मग त्याने तो ठराव आणला, पंच कमिटी नेमणार. काकू बसल्याजागीच बोलली, "नेम बाबा, खुशाल नेम. पण उद्या कोणीतरी नऊच्या ऐवजी आठ वाजता मीटिंग घेऊन तुला काढला, मग तू तक्रार घेऊन कोणाकडे जाशील? त्यांच्याच पंचाकडे?" दादा पाणी प्यायला. ठराव पुढच्या मीटिंगवर ढकललाय. तो मागे घेतलेला नाय, हे मला माहीत आहे, आणि मी तांब्या गाळ्यातून आणून आईच्या कपाटात ठेवलाय. कोणी विचारलं तर घासायला नेलाय म्हणून सांगतो.

दादाने मला काढलं नाय, मीच सोडलं. आता मी मोरव्याच्या एका डेअरीची गाडी चालवतो. माणसं भेटली की म्हणतात, नोकरीवर लाथ मारली, पण बापासारखाच निकाल दिला पोराने. आईने तर शेजारी सगळ्यांना सांगितलंय. मी मान खाली घालून हसतो, लोकांना वाटतं लाजतोय.

हे मी आईला सांगणार नाय, काकूला पण नाय, म्हणून फक्त तुम्हाला सांगतो. डेअरीचं काम मी निकालाच्या चार दिवस आधीच पक्कं केलं होतं. त्यांच्या गाडीची चावी हातात आली, मग मी निकालाचा कागद लिहायला बसलो. ती चावी आली नसती तर त्या कागदावर मी काय लिहिलं असतं, ते मला अजून माहीत नाय.