बाहेरचे बाबा

सोमवार, ४ मार्च

आज अकरावा दिवस. लेक शाळेत गेली नाही. दप्तर भरलं, बूट घातले, दारापर्यंत आली — आणि तिथेच मटकन बसली. छातीत धडधड, हात बर्फासारखे गार. पंधरा वर्षांची पोर, माझी बाही सोडेना. तिचा बाप दोन पावलांवर उभा. "पंखा लावू का?" म्हणाला. लावला, आणि कामावर गेला.

झालं! बापाचं कर्तव्य संपलं.

गुरुवार, ७ मार्च

लेकीला मावशीकडे ठेवलं होतं आणि घराची किल्ली त्याच्याकडे राहिली, म्हणून कामावरून सुटल्यावर तलावावर गेले. तो पोहायला शिकवतो; तिथे सगळे त्याला 'सर' म्हणतात. पाच-सहा वर्षांची एक मुलगी कठड्याला घट्ट धरून रडत होती. तो छातीभर पाण्यात उभा, तिच्या पाठीखाली तळहात. "मी आहे. सोडणार नाही." वीसदा तरी म्हणाला असेल. न कंटाळता.

बाकावर त्या मुलीची आई बसली होती. म्हणाली, सर म्हणजे देवमाणूस हो, तुमची मुलगी नशीबवान.

हसले. किल्ली घेतली आणि निघाले.

मंगळवार, १२ मार्च

लेकीला मनाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, बाबांशी कसं आहे? ती म्हणाली, "बाबा चांगले आहेत. बाहेर."

नंतर बाई मला एकटीला म्हणाल्या, वडिलांची माया आटली की मुलं वडिलांना दोष देत नाहीत, स्वतःतच खोट शोधत बसतात. मग गोळ्या लिहून दिल्या. औषधांच्या दुकानात काम करते मी. हीच गोळी दिवसातून दहाजणांना काउंटरवरून देते. आज लेकीसाठी पाकीट कापताना कात्री चालेना.

बुधवार, १३ मार्च

त्याला सगळं सुनावलं. दगड आहेस, म्हटलं. तो भांडी विसळत राहिला.

मंगळवार, १९ मार्च

बाईंनी आज तिघांना बोलावलं. त्याला सरळच विचारलं, "लेकीला शेवटचं जवळ कधी घेतलंत?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सात वर्षं झाली." लेक नखं कुरतडत होती.

बसमध्ये मी त्याला सोडलं नाही. वर्षं बरी मोजता येतात, पोरीच्या डोक्यावर हात ठेवता येत नाही? परक्यांच्या पोरांसाठी माया उतू जाते, घरात आलास की कोरडा ठणठणीत! लोक वळून बघत होते, बघू देत. तो खिडकीबाहेर बघत राहिला. पुढच्या सीटवर लेकीने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

बुधवार, २० मार्च

सकाळी लेक स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून, माझ्याकडे न बघता बोलली.

"आई, मला न्यूमोनिया झाला होता ना, आठ वर्षांची होते तेव्हा. सर्दी असताना बाबांनी पाण्यात उतरवलं म्हणून. दवाखान्यात तुला वाटलं मी झोपलेय. तू त्यांना म्हणालीस, आजपासून माझ्या लेकीला हात लावायचा नाही."

म्हटलं होतं. रागाच्या भरात. एकदाच.

मी विसरले. त्या दोघांनी पाळलं.