चौदा नंबरची मेंढी

७ ऑगस्ट

वीस मेंढ्या, वीस डब्या. वीसही नमुने स्वतःच्या हाताने घेतले. तीन हातमोजे फाटले. चौदा नंबरची माझ्या पायावर उभी राहिली ती हलायलाच तयार नाही. अंगठा अजून ठणकतोय!

पण मिळाला एकदाचा चौथा कळप. सहा गावं फिरले. सगळ्यांनी चहा पाजला आणि नाही म्हटलं. युसूफ वडगावच्या आप्पारावांनी चहा पाजून हो म्हटलं. सत्तर मेंढ्या, दोन कुत्री आणि बायको साखराबाई. "काय करनार म्याडम या लेंड्यांचं?" मी सांगितलं, जंतांची अंडी मोजणार, मग औषध पाजणार, मग पुन्हा मोजणार. औषध अजून चालतं की जंत त्याला पुरून उरलेत, तेवढंच बघायचं. हीच माझी पीएच.डी. आप्पाराव बायकोला म्हणाले, "बघ, आपण न्हाई गेलो शाळंत, पर आपल्या मेंढराची लेंडी कालिजात चालली." साखराबाई तोंडाला पदर लावून हसत राहिली.

कानात पिवळे बिल्ले मारले, एक ते वीस. औषध पाजलं. परत येताना अंबाजोगाईपर्यंत एसटीत उभी. तरीही आज कुणाबद्दल तक्रार नाही.

२३ ऑगस्ट

औषध चाललं नाही. आधी एका ग्रॅममध्ये सरासरी अठराशे अंडी होती, परवाच्या नमुन्यांत पंधराशे. बाकीच्या तीन कळपांसारखंच. संशोधनाच्या दृष्टीने हे 'उत्तम' आहे. औषध निकामी झाल्याचा चौथा पुरावा! पण आज ते सांगायला गेले तेव्हा माझंच तोंड उतरलं. मीच छातीठोक सांगितलं होतं ना, पंधरा दिवसांत फरक पडेल म्हणून.

साखराबाईने मला जेवायलाच बसवलं. भाकरी, ठेचा, वर लोणी. मी दोन खाल्ल्या, तिने तिसरी वाढली. मग म्हणाली, "तुमी कावून येवढ्या पहाटं उठून येता? मेंढरं दिस उगवायच्या आत लेंडी टाकतेत. मी भरून ठिवते डब्या. तुमी दहाच्या गाडीनं या." आप्पारावांना आकडे वाचता येतात, ते बिल्ला बघून डबी देतील.

नियम असा की नमुना स्वतः घ्यायचा. मला माहीत आहे. पण हल्ली पहाटे उठवत नाही. माळावर चढताना दोनदा थांबले. एकोणतीस वय, आणि धाप म्हातारीसारखी! हो म्हणून टाकलं.

५ सप्टेंबर

एकशे वीस!! पंधराशेवरून एकशे वीस! तीनदा मोजलं. नवीन औषध नाही, काही नाही.

६ सप्टेंबर

तिडके सरांना दाखवलं. माझे मार्गदर्शक तसे कुणाला सहजासहजी 'बरं' म्हणत नाहीत. आज खुर्चीतून उठले. "चरायला कुठे नेतात? काय खातात?" मी म्हटलं, गेल्या महिन्यापासून हिवराची झाडं आहेत त्या माळावर. "हिवराचा पाला! तुरट असतो. जंतांवर चालू शकतो." सरांनी स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. चार वर्षांत पहिल्यांदा.

१९ सप्टेंबर

नव्वद. चौदा नंबरची तर फक्त पन्नास. माझी लाडकी!

सरांनी परभणीच्या परिषदेला शोधनिबंधाचा गोषवारा पाठवून दिला. माझं नाव आधी, त्यांचं नंतर. खोलीवर येऊन आईला फोन केला. गावी, उमापूरला, रेंज तुटत होती, तरी ती तीनदा म्हणाली, "म्हणजे पास झालीस का?" उज्ज्वला माझी रूममेट, पहिली ते चौथीला शिकवते. ती म्हणाली, "माझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा जास्त पाटीच्या पेन्सिली तू खातेस. डॉक्टर झाल्यावर तरी सोड!" खरंच की. मोजायला बसलं की एक दाताखाली लागतेच. आजचा पुडा संपला.

३ ऑक्टोबर

कसं लिहू.

दसऱ्याचं सोनं द्यायला गेले होते. म्हटलं परिषदेसाठी चौदा नंबरचा फोटो घ्यावा. आप्पाराव सहज म्हणाले, "ती? ती तर गणपती बसले त्या दिशीच मेली. गळ्याखाली पाणी उतरलं व्हतं."

गणपती सत्तावीस ऑगस्टला बसले. चौदा नंबरची डबी मी त्यानंतर दोनदा मोजली. मेलेल्या मेंढीची लेंडी!

मी साखराबाईकडे बघितलं. ती जराही चपापली नाही. "आवो, बिल्ल्याच्या निम्म्या मेंढ्या खराब व्हत्या. तसली लेंडी तुमाला कशी दीऊ? पाव्हण्याला वाळकी भाकर वाढतेत का? मागल्या टायमाला तुमचं तोंड कसं झालतं! मी कळपातल्या चांगल्या चांगल्या बघून भरल्या." आप्पाराव मान हलवत होते, म्हणजे दोघांनी ठरवूनच. केवढ्या मायेने! मला रडू आलं आणि तिला वाटलं, मेंढी मेली म्हणून. तिने पाठीवरून हात फिरवला. "जाऊ द्या म्याडम, जित्राब हाय."

हिवराचा पाला नाही, काही नाही. मी नियम मोडला आणि मी निबंध लिहिला. आणि मी चहा पीत कौतुक ऐकत होते तेव्हा तिकडे खरी चौदा नंबरची मरून गेली होती. या दोघांचा यात काडीचा दोष नाही.

४ ऑक्टोबर

काही नाही.

५ ऑक्टोबर

हे कुणालाही कळणार नाही. हेच वाईट आहे. आप्पाराव परभणीला येणार नाहीत. चौदा नंबरची साक्षीला येणार नाही. निबंध वाचला जाईल, टाळ्या पडतील. आणि मग कुणीतरी धनगर तो हिवराचा पाला औषध म्हणून घालेल आणि त्याची मेंढी मरेल.

पूर्ण पुडा खाल्ला. उद्या सांगणार.

६ ऑक्टोबर

सांगितलं. दुसरा मजला चढून धाप लागली होती, तशातच सगळं बोलून टाकलं.

सर बोलले ते सगळ्या विभागाला ऐकू गेलं. "नमुना दुसऱ्याच्या हाती? पहिल्या वर्षाची पोरं करत नाहीत असं!" बरोबर आहे. माझ्यासमोर परिषदेला पत्र लिहिलं, गोषवारा मागे घेतला. कारणात त्यांनी लिहिलं, 'नमुने घेण्यात आमच्याकडून चूक झाली.' माझ्याकडून नाही, आमच्याकडून. मी ते वाचलं आणि जिन्यात बसून राहिले. या माणसाचे उपकार मी कधी फेडणार!

प्रबंधातलं हिवराच्या पाल्याचं अख्खं प्रकरण गेलं. मुदत मार्चची आहे. नवा कळप शोधायला, पावसाळा यायला वेळच नाही. मार्चला प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द.

८ ऑक्टोबर

सकाळी सातला सरांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मंजुषा, मला झोप नाही. त्या बाईने चांगल्या मेंढ्या भरल्या म्हणतेस. आपण अंडी मोजली तर खरोखरच चांगल्या निघाल्या. वीसच्या वीस! दोन्ही वेळा! तिच्याकडे सूक्ष्मदर्शक नाही. तिला कळलं कसं?"

मला हे सुचलंच नव्हतं. एवढी मी स्वतःच्या दुःखात बुडाले होते.

१० ऑक्टोबर

विचारलं. साखराबाईला प्रश्नच कळेना. मी 'भाकरी गोल कशी' विचारल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं. मग जवळची एक मेंढी ओढली, गुडघ्यात धरली, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी खाली ओढली. "ह्ये बघा. आतून लाल हाय ना? चांगली. ह्ये पांढरं पडलं की खराब. पोटातला जंत रगत पितो, मंग डोळा पांढरा व्हतो. माझी माय बघायची, मी बघते."

सरांना फोन लावला. ते हसले. "जगात याचा रंगीत तक्ताच आहे. तक्ता धरून पापणी बघतात. ही बाई तक्त्याशिवाय बघते. किती अचूक बघते, ते मोजू. हे प्रकरण प्रामाणिक होईल. मी येतो."

सर! युसूफ वडगावला!

१७ ऑक्टोबर

आले. पॅन्ट दुमडून, कळपाभोवतीची वाघूर, म्हणजे जाळी, ओलांडून थेट मेंढ्यांत. साठ मेंढ्या तपासल्या. साखराबाई पापणी ओढायची आणि सांगायची, "चांगली." "खराब." आप्पाराव खराबच्या कपाळाला गेरू लावत. सर वहीत टिपत. नमुने मी घेतले, सगळे, माझ्या हाताने. शेवटी डोळ्यांपुढे अंधारी आली, उन्हामुळे. बसले जरा. साखराबाईने पाणी दिलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

सरांनाही तिसरी भाकरी वाढली. "पाव्हणं हाईत," म्हणे. सर निमूट जेवले.

१९ ऑक्टोबर

साठपैकी त्रेपन्न बरोबर!!

सर म्हणाले, "माझे एम.एस्सी.चे विद्यार्थी एवढे मार्क काढत नाहीत." आता वेगळं औषध द्यायचं आणि तेही फक्त गेरूवाल्यांनाच. उद्या दिवाळी. माझी आजच झाली.

१ नोव्हेंबर

औषध पाजून बारा दिवस झाले. गेरूवाल्या चरायला लागल्या. एकही मेली नाही. नवं प्रकरण निम्मं लिहून झालं, मार्च गाठता येईल. ते सांगायला उमापूरहून आईच्या करंज्या घेऊन गेले.

प्रबंधात आभार कुणाकुणाचे मानायचे याची यादी एसटीत मनातल्या मनात करत होते. सर. उज्ज्वला. आई. आप्पाराव, ज्यांनी सहा गावांनंतर हो म्हटलं. आणि साखराबाई. तिला म्हटलं, "मावशी, पुस्तकात तुमचं नाव येणार." ती म्हणाली, "माझं कावून? मेंढराचं घाला." पण खूश होती, कारण करंजी दोन घासांत संपवली. मग जेवताना पुन्हा माझ्याकडे एकटक. मी विचारलं, "काय बघता?" "काय न्हाई. खावा."

कुणाला असं मिळतं? चूक मी केली आणि मला सगळ्यांनी उचलून घेतलं. भरून येतं.

६ नोव्हेंबर

साखराबाई अंबाजोगाईला आली! एकटी, एसटीने, विचारत विचारत. दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून उभी. मी पेन्सिल चघळत मोजत होते. मी उठायच्या आत तिने माझी हनुवटी धरली आणि अंगठ्याने पापणी खाली ओढली. मग वळून तिडके सरांना म्हणाली, "ही खराब हाय."

सरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "हिचे त्रेपन्न बरोबर आलेत. ऊठ, मंजुषा. गाडी काढतो."

७ नोव्हेंबर

सरकारी दवाखाना, वॉर्डातली खाट. हिमोग्लोबिन चार पूर्णांक नऊ. डॉक्टर म्हणाले, चालत कशी आलीस? धाप, अंधारी, पेन्सिली खाणं, सगळं रक्त कमी म्हणून. आणखी थोडे दिवस गेले असते तर हृदयावर आलं असतं. रक्ताची दुसरी पिशवी चढतेय, उजव्या हाताने लिहितेय. साखराबाई रात्रभर खाली बसून होती. मेंढ्या आप्पारावांवर सोडून आलीय.

विचारलं, "मावशी, सर मेंढ्या बघायला आले त्या दिवशीच तुम्हाला कळलं होतं ना? मग तेव्हा का नाही बोललात?"

"तवा पाव्हणी व्हतीस."

"आणि आता?"

"आता गप पड. लई बोलू नगंस."