पास्कलच्या प्लॅनमधलं घर

६ सप्टेंबर १९९७, शनिवार

पास्कलला आज हॉस्पिटलातून सोडलं. जहाजांच्या यार्डात परांचीवरून पडला त्याला दोन महिने झाले, कमरेखाली काहीच हलत नाही. त्याच्याच कामाच्या गँगच्या चौघांनी खुर्चीसकट उचलून वर आणला. गुदैबियातली जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. वळणावर खुर्ची भिंतीला घासली तेव्हा चौघं हसले, हाही हसला. दारात म्हणाला, "आलो बाबा घरी."

मग खुर्ची बाथरूमच्या दारातून जाईना. चार बोटं कमी पडतात.

वॉर्डातल्या सिस्टरने ही वही दिली, त्याला कुशीवर कधी वळवलं ते लिहायला. दर दोन तासांनी वळवायचं. वेळा पुढून लिहिते, माझं मागून. पास्कल न लिहिता पा. लिहीन. सारखं पूर्ण नाव लिहिलं की रडू येतं.

निघताना यार्डाच्या इन्शुरन्सवाल्यांनी एक फाइल दिली. 'पर्सनल सपोर्ट प्लॅन.' चौदा पानं, सगळं इंग्रजी.

९ सप्टेंबर, मंगळवार

शिफ्टवरून आले, पा.ला पुसलं, मग शर्लीला घेऊन फाइल उघडली. सातवीतली पोर, तिला तरी किती कळणार. पण मी हॉटेलच्या लिनन रूममध्ये चादरी मोजते, माझ्यापेक्षा तिचं इंग्रजी बरं.

खर्चाची पाच हेड आहेत. उपचार. साधनं. अटेंडंट. घरातले बदल. इंडियाला परतीचा प्रवास. प्रत्येकापुढे वेगळी रक्कम, वेगळे नियम.

मी म्हटलं, मग घरातले बदल सोडून देऊ आणि ते पैसे साधनांत टाकू, अरुंद खुर्ची घेऊ.

"नॉट ट्रान्सफरेबल, मम्मी. इट सेज हिअर. अँड हिअर. अँड हिअर."

तीन ठिकाणी लिहिलंय. म्हणजे आधी कुणीतरी विचारलेलं असणार.

पा. पलंगावरून ऐकत होता. "वाचा, वाचा. माझंच बारसं चाललंय."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून मिस्साही आजच. मी एकटीच गेले. बायका वाटेत थांबवून विचारतात, कसे आहेत? बरे आहेत म्हणते. दुसरं काय म्हणणार.

दुपारी हनीफभाई आले. यार्डाच्या पर्सोनेल ऑफिसात क्लार्क आहेत, आपल्या दापोलीकडचे. नमाजावरून थेट इकडे, घामाने सगळे भिजलेले. दोन मजले चढून त्यांनाच धाप लागली. प्लॅन त्यांनी मराठीत समजावला.

घरातले बदल म्हणजे दार रुंद करणं, रँप. त्याला घरमालकाचं पत्र हवं. तळमजल्याचा फ्लॅट घेतला तर जादा भाडं? नाही, भाडं म्हणजे बदल नव्हे. अटेंडंट मिळेल, रोज चार तास, पण तो बाहेरचा हवा. बायकोने नोकरी सोडून केलं तर ते धरत नाहीत. फिजिओथेरपी वीस वेळा. जी चुकेल ती बुडाली.

"आणि त्याला खाली न्यायचं कसं, हनीफभाई?"

"वाहतूक यात नाय, वैनी."

परतीच्या प्रवासाला मात्र हात सैल आहे. स्ट्रेचर, सोबतीचं तिकीट, मुंबईहून वसईपर्यंत ॲम्ब्युलन्स. तिथे एकही 'नाही' लिहिलेलं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

अटेंडंट आला. थॉमस, केरळचा, पन्नाशीचा, पूर्वी वॉर्डबॉय होता. हात चांगला आहे. सकाळी आठ ते बारा. पा. आज त्याच्याशी बोललाच नाही. परक्या माणसाने आंघोळ घालायची.

घरमालक मफी म्हणतो, म्हणजे नाही, दार तोडायचं नाही. बिल्डिंग जुनी आहे, भिंत येईल खाली. त्याचंही खोटं नसेल.

२५ सप्टेंबर, गुरुवार

फिजिओ आजवर तीनदाच झाली. न्यायला चार माणसं लागतात आणि चार माणसांना एकाच वेळी सुट्टी नसते. पाच बुडाल्या.

कमरेच्या खाली लाल डाग दिसतोय. दाबला तरी पांढरा होत नाही. सिस्टरने सांगितलं होतं, असं झालं तर लगेच या. हवेची गादी लागेल म्हणाली होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज एक गोष्ट कळली, ती लिहून ठेवते.

प्लॅनचं तिसरं पान आम्ही नीट वाचलंच नव्हतं. 'उद्दिष्ट.' खाली एकच ओळ. शर्लीने वाचली : टु गो होम.

हनीफभाई म्हणाले, "हाच तर सगळ्याचा पाया हाय, वैनी. माणसाला काय हवं ते आधी लिहितात, मग त्याप्रमाणे हेड भरतात. ह्यांनी घरी जायचं म्हटलं, म्हणून परतीत सगळं घातलं आणि बाकीचं तीन महिन्यांपुरतं."

मी पा.कडे बघितलं. तो छताकडे बघत होता. मग सावकाश बोलला. ऑगस्टमध्ये एक मॅडम आली होती वॉर्डात, फाइल घेऊन. व्हॉट डू यू वाँट, मिस्टर पास्कल? "मी म्हटलं, आय वाँट गो होम. दीड महिना झाला होता मला तिथे. दुसरं काय म्हणणार? घरी म्हणजे इथे. तुझ्याकडे, शर्लीकडे."

हनीफभाईंनी चष्मा काढून पुसला. चहा तसाच ठेवला.

८ ऑक्टोबर, बुधवार

रजा टाकून इन्शुरन्सच्या ऑफिसात गेले. हनीफभाई सोबत होते. तीच मॅडम. वाईट बाई नाही, पाणी दिलं, बसवलं. मी सांगितलं, चूक झालीय, होम म्हणजे गुदैबिया. तिने मान हलवली. उद्दिष्ट बदलता येतं म्हणाली. रिव्ह्यूचा अर्ज करा. बोर्डाने मानलं तर उपचारासाठी आणखी एक वर्ष इथे राहायला पत्र मिळेल, त्यावर रेसिडन्स वाढतो. नाहीतर पा.ला मेडिकली अनफिट ठरवलाय, व्हिसा नोव्हेंबरअखेर संपतो. शर्ली त्याच्याच व्हिसावर. माझा हॉटेलचा, वेगळा.

मग म्हणाली, पण अर्ज आला की जुना प्लॅन थांबतो. सगळी हेड. निर्णय होईपर्यंत.

"किती दिवस?"

"इंशाल्ला, लवकर."

बाहेर उन्हात उभे राहिलो. हनीफभाई म्हणाले, "वैनी, मी सरळ सांगतो. लवकर म्हणजे सहा-आठ आठवडे. तोवर थॉमस नाय, ड्रेसिंग नाय, काय नाय."

१३ ऑक्टोबर, सोमवार

हवेच्या गादीचा अर्ज परत आला. उपचारवाले म्हणतात ते साधन आहे. साधनवाले म्हणतात तो उपचाराचा भाग. दोन्ही कागदांवर सही एकाच माणसाची.

शर्ली म्हणाली, "बट दॅट्स द सेम मॅन!" आणि हसायला लागली. हसता हसता रडली. तिला जवळ घेतलं तर म्हणाली, "मला इंडियात नाही जायचं." मराठीत म्हणाली. एरवी मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

डाग फुटला. रुपयाएवढी जखम. थॉमसने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, पा.ला ऐकू जाणार नाही असं. त्याला तिथे काहीच जाणवत नाही. त्याला माहीतच नाही. मी सांगितलं नाही.

वसईहून थोरल्या दिराचं पत्र आलं. बावखलाकडची, तळ्याजवळची खोली रिकामी करून ठेवलीय, या म्हणतो. खालची खोली, उंबरा एकच. पण दिराला सत्तर वर्षं, जाऊबाईंना डोळ्यांनी दिसत नाही. वळवणार कोण? मी गेले तर खायचं काय? मी राहिले तर?

दिराला उत्तर दहा वेळा लिहून खोडलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

सही केली. माझी. अर्जदाराच्या जागी 'पत्नी' लिहून. शिफ्टनंतर जाऊन देऊन आले.

पा.ला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, तुला हवं तसं कर. आणि मग ते त्याने सांगितलेलं झालं असतं का?

२७ ऑक्टोबर, सोमवार

थॉमस आला नाही. एजन्सीला फोन केला, म्हणाले प्लॅन थांबलाय, तुम्हाला माहीत नाही? तोवर सव्वाआठ, मला निघावंच लागलं. मी हॉटेलात, शर्ली शाळेत, हा एकटा. साडेतीनला आले तेव्हा तसाच होता, जसा सकाळी ठेवून गेले तसा. सगळं भरलेलं. पाण्याचा जग खाली पडलेला.

पुसताना सांगून टाकलं. अर्जाचं, जखमेचं, सगळं.

त्याने चादर स्वतःच वर ओढली. मग म्हणाला, "मला विचारलंस?"

"तूच म्हणालास ना, घरी म्हणजे इथे."

"ते ऑगस्टमध्ये, रेजी."

"मग आता?"

"आता मला कुणी विचारलंय? त्या बाईने निदान विचारलं तरी होतं."

खरं होतं ते. तरी म्हटलं, तुला खरंच जायचंय की माझी सुटका करायला म्हणतोस? त्याने तोंड भिंतीकडे केलं. पाठ फिरवायची तर तेवढंच त्याला स्वतः करता येतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

हॉटेलच्या मॅनेजरने सकाळऐवजी दुपारची शिफ्ट द्यायला नकार दिला. चर्चमधल्या दोघी आळीपाळीने सकाळी तासभर येतात. तासभर. पाणी पाजतात, कुशीवर वळवतात. जखमेकडे बघवत नाही त्यांना, तेही समजतं.

सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं होतं काल. चार माणसं गोळा करायला दोन तास. डॉक्टर म्हणाले भरती करा, आज खाट नाही, रविवारी या. जखम आता आत गेलीय.

पा. माझ्याशी नीट बोलतो. कामापुरतं. शर्लीशी जास्त. तिला वसईच्या केळीवाडीबद्दल सांगत होता, विहिरीवर पोहायला कसा शिकला ते. मी ऐकत होते. सांगताना आवाज बरा होता. की तिला तयार करत होता?

२ नोव्हेंबर, रविवार

खाट नव्हतीच. परत आणलं.

अर्ज परत आला. लाभार्थ्याची स्वतःची सही हवी. पत्नीची चालत नाही, त्याचे हात शाबूत आहेत. म्हणजे रिव्ह्यू सुरू झालेलाच नाही. मी मॅडमला फोनवर विचारलं, मग प्लॅन का थांबला? अर्ज आला म्हणून. आणि अर्ज धरला नाही तर प्लॅन चालू का नाही? अर्ज अजून मागे घेतलेला नाही म्हणून.

फोन ठेवला. हसू आलं नाही, रडूही नाही. काहीच आलं नाही.

सोबत दोन कागद जोडलेत. एक रिव्ह्यूचा. दुसरा अर्ज मागे घेण्याचा, म्हणजे जुना प्लॅन चालू, उद्दिष्ट तेच, परत वसई. कुठल्या तरी एकावर त्याने सही करायची. गुरुवारपर्यंत. दोन्हीवर नाही झाली तर फाइल बंद.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हनीफभाई येऊन गेले. पा.जवळ अर्धा तास बसले. मी मुद्दाम बाहेर राहिले. जाताना जिन्यात विचारलं, काय म्हणाला?

"काय सांगू, वैनी. क्रिकेटचं बोलला."

मग दोन पायऱ्या उतरून थांबले. म्हणाले, "ऑफिसात मी असले प्लॅन ढिगाने टाइप केले. कोणाच्या घरी जाऊन बघितलं नव्हतं."

बोर्डाने मानलं तरी व्हिसा संपायच्या आधी निर्णय येईल का, हे त्यांनाही माहीत नाही. न मानलं तर परतीचा प्रवाससुद्धा नव्याने मागावा लागेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे त्याची जखम धुतली. वास येतोय. अंगात ताप आहे, थोडा. दोन्ही कागद पाटीवर ठेवून त्याच्या छातीशी दिले, पेन दिलं. म्हटलं, मी काही सांगणार नाही. तुला वाटेल त्यावर कर.

"तुला काय वाटतं ते तर सांग."

"नाही सांगणार."

"आता नाही सांगणार. अर्ज देताना बरं होतं तुला मत." पण चिडून नाही बोलला. पेनचं टोपण काढलं, परत लावलं. माझी बस चुकली असती. निघाले.

दिवसभर चादरी चुकीच्या मोजल्या. दोनदा बोलणी खाल्ली.

आले तेव्हा तो झोपलेला, किंवा डोळे मिटून. पाटी खाली. एक कागद फाडून तुकडे उशीशेजारी, इतके बारीक की कुठला होता ते कळत नाही. दुसरा चार घड्या घालून पाकिटात, पाकीट चिकटवलेलं. वर इन्शुरन्सच्या ऑफिसचं नाव, त्याच्या अक्षरात.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

पुढे मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. शर्ली शाळेतून आली, तिने पाकीट उजेडाकडे धरलं, मी हातातून काढून घेतलं.

हनीफभाई उद्या नऊला न्यायला येतील. पाकीट माझ्या पर्समध्ये आहे.