घाण्याच्या बोळाचा निवाडा

११ मार्च २०२५, मंगळवार
अंगदाने बोळात काटेरी तार ओढली! घाण्याला करडई येते ती याच बोळातून. गाडीस दुसरी वाट नाही. इतकी वर्षे शेजारी म्हणून ज्याच्या गुरांना पेंड दिली, त्याने हे करावे!
राजेश्वर लगेच म्हणाला, "अप्पा, माजलगावचा वकील लावू. स्टे आणू." चिरंजीव बी.कॉम. आहेत. तार पाहून वकील आठवतो — पक्कड आठवत नाही!

१२ मार्च, बुधवार
वकिलासंबंधी माझे मत एकदाच नोंदवून ठेवतो. हा इसम आपलीच हकीकत आपल्याकडून ऐकतो, इंग्रजीत लिहितो आणि आपल्यालाच विकतो. वर तारीख. तारखेला पुन्हा तारीख. दिंद्रुडच्या बाजारात असा माल कोणी विकला, तर लोक जोड्याने मारतील. धारूरच्या एका आडत्याने बांधासाठी दावा लावला. निकाल त्याच्या नातवाने ऐकला.
मी चौथी शिकलो. घाणा चालविला, पण कोर्टाचे तोंड पाहिले नाही. दिला शब्द पाळावा, घेतला शब्द वसूल करावा — धंद्याचा कायदा एवढाच.
जेवताना राजेश्वराने पुन्हा वकिलाचाच विषय काढला. शिकलेल्यांचा दुसरा उपाय नाही.

१५ मार्च, शनिवार
अंगदास चारचौघांत सुनावले — सोमवारी महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचलायचा. पिंडीवरचा बेल हातात घेऊन जो "बोळ माझा" म्हणेल, बोळ त्याचा. खर्च — एक नारळ!
अंगद हसला. "उचलतो की, अप्पा. पर तुमच्याकडून राजूभाऊनं उचलावा. कारभार आता त्यायचाच हाय न्हवं?"
मूर्खाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला!
घरी सौ. दानम्मा म्हणाली, "घाणा बंद पडंल, पर तुमचा ताठा न्हाई बंद पडायचा."
राजेश्वर जेवला नाही. शपथेसाठी उपवास धरला असावा. योग्यच.

१७ मार्च, सोमवार
देऊळ भरले होते. पुजाऱ्याने बेलभंडारा पुढे केला. राजेश्वराने हात मागे बांधले.
"उचल," मी म्हणालो.
"न्हाई जमायचं, अप्पा. मी बोळ अंगदला दिवाळीतच देऊन टाकलाय."
तोंडी. मला न विचारता! अंगदाच्या टेम्पोतल्या भागीच्या बदल्यात!
"मग वकील कावून पाहिजे होता?" माझ्याही तोंडून गावठी शब्द गेला.
त्याने मान खाली घातली. "कोर्टात लई वर्सं गेली असती. तुमी हायेत तवर कळलं नसतं."
अंगद म्हणाला, "दिला शब्द पाळावा, हे तुमचंच बोलणं हाय, अप्पा. अन् शब्द तुमच्याच घरचा!"
लोक हसले. पुजारीसुद्धा.
नारळ न फोडता परत आणला.

१८ मार्च, मंगळवार
पहिल्या एस.टी.ने माजलगाव. वकिलाने विचारले, "दावा कोणावर?" अंगदाचे नाव सांगितले. मग राजेश्वराचे.
फी किती, ते विचारले नाही.