बाबांना सम आकडा निघाला

प्रिय लोव्हिसाताई,

या घरातून पत्र आलेलं बघून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. रूफसभावोजी आमच्या पंथाचे नाहीत, मेथडिस्ट आहेत, म्हणून बाबांनी तुला दार बंद केलं, तेव्हापासून जेवताना तुझं नाव निघालं की ते चमचा खाली ठेवून उठतात, हे तुला ठाऊक आहे. आज मात्र मी त्यांच्यासमोर बसून लिहिते आहे आणि ते निवांत कॉर्नब्रेड खात आहेत.

इकडे कर्टलंडला आमच्या पंथाच्या नव्या मंदिराच्या भिंती खिडक्यांच्या वर गेल्यात. बाबा दिवसभर दगड घडवतात आणि घरी येऊन आमच्याशीही छिन्नी हातात असल्यासारखेच बोलतात. अल्व्हा बीब नावाच्या तरुण प्रचारकाने मला मागणी घातली, तर म्हणाले, "ज्याला स्वतःच्या कोटाची बटणं धड लावता येत नाहीत, त्याच्या गळ्यात पोर बांधू होय?" बटणांचं खरं आहे गं, पण मला तो तसाच आवडतो.

त्यात त्याने आणखी एक घोळ घातला. आमच्यात मंडळीने उजवा हात वर करून होकार दिल्याशिवाय कोणालाही पद मिळत नाही. अगदी वरच्या पुढाऱ्यांसाठीसुद्धा हात मागतात. आणि या बहाद्दराने दूरच्या एका वस्तीत जॅरेड नावाच्या म्हाताऱ्याला पुढारी नेमलं, हात न मागताच. तक्रार आली. प्रचारकी गेली असती, आणि मग बाबांपुढे त्याचं नाव काढायचीही सोय उरली नसती.

निवाडा करणाऱ्या बारा जणांत बाबाही आहेत. तिथली रीत अशी, की आधी प्रत्येकाने टोपीतून आकड्याची चिठ्ठी उचलायची. सम आकडा येईल त्याने आरोपीचा अपमान किंवा त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून त्याच्या बाजूने उभं राहायचं. प्रकरण लहान असलं तर एक आणि दोन आकडेवाले तेवढे बोलतात. बाबांनी चिठ्ठी उघडली आणि दोन निघाला. मी मागच्या बाकावर होते. त्यांचा चेहरा असा झाला, की हसू दाबायला मला शाल तोंडात धरावी लागली. शेजारचे म्हणाले, "झेडॉक, आता कर वकिली जावयाची." बाबा गुरगुरले, "जावई कोण म्हणतो त्याला?"

पण रीत म्हणजे रीत. थोडा वेळ मागून ते अल्व्हाला बाहेर घेऊन गेले आणि दोघं दगडांच्या ढिगावर बसले. खिडकीतून दिसत होतं. ताई, बाबा प्रश्न विचारत होते आणि उत्तर संपेपर्यंत गप्प राहत होते. आपल्या जन्मात आपण हे पाहिलं नव्हतं.

आत येऊन ते उभे राहिले. म्हणाले, "प्रार्थना चालू असताना कोणाची तरी गाय दलदलीत रुतली. सगळी मंडळी दोर धरून ओढत होती. म्हाताऱ्या जॅरेडने हाक द्यावी आणि सगळ्यांनी एका दमात ओढावं. पोराला वाटलं, हाच यांचा पुढारी. हात मागायचे राहिले, हे चुकलंच. पण तेव्हा मागितले असते, तर गाय गेली असती." अध्यक्षांसकट सगळे हसले. निकाल एवढाच लागला, की परत जाऊन रीतसर हात मागायचे. अल्व्हा गेला, आणि तिथे एकूण एक हात वर झाला. परत आल्यावर बाबांनी त्याला दारातच अडवलं, कोटाची बटणं नीट लावून दिली आणि म्हणाले, "चल, जेवायला बस." मी चुलीपाशी जाऊन पोटभर रडले, आनंदाने.

आता हे पत्र का, ते सांगते. आज न्याहारीला बाबांनी खिशातून ती दोनाची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "रूफसचं प्रकरण मी एकट्यानेच चालवलं. त्याच्या बाजूने कोणी उभंच राहिलं नाही." आणि स्वतः उभे राहिले. आईच्या आजारपणात भावोजी तिला रोज उचलून उन्हात बसवायचे, ते बोलले. इथून हाकलल्यावरही जाता जाता विहिरीची फुटकी बादली दुरुस्त करून गेले, तेही बोलले. मला वाटायचं, त्यांना यातलं काही आठवत नाही. मग घसा खाकरून म्हणाले, "लोव्हिसाने आणि रूफसने घरी यावं, हे कबूल असेल त्यांनी हात वर करा." माझा हात गेला, अल्व्हाचा चमच्यासकट गेला, पण त्यांचा आमच्याआधीच वर होता. कोणी विरुद्ध आहे का, असं विचारून ते थांबले, आणि आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "नाही. कोणीच नाही." आमचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी या, दोघंही या.

तुझीच,
फिलीना