मसुराएवढा खडा

३ सप्टेंबर
डॉक्टरनी माझ्या मूतखड्यासाठी दिलेलं औषध आणि नवऱ्याचं औषध एकच! टॅमसुलोसिन. हॉइट प्रोस्टेटसाठी चार वर्षं घेतोय. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून नाव तीनदा वाचलं. हॉइट म्हणतो, "घ्या, आता तुझाही प्रोस्टेट वाढला."
दुकानात फोन केला. औषधं देणाऱ्या ओडमबाई म्हणाल्या, "चूक नाहीये, वर्लीन. त्यानं मूत्रनळी सैल पडते, खडा घसरत खाली येतो. रोज जेवणानंतर एक. उठताना सावकाश ऊठ."
येईलच?
"सहा मिलिमीटरचा आहे. येईल बहुतेक. चार आठवडे बघायचं."
बहुतेक म्हणजे काय?

५ सप्टेंबर
खुर्चीतून उठले तर डोळ्यांपुढे अंधारी. शाळेची बस महिनाभर चालवायची नाही. लघवी दर वेळी गाळणीतून – खडा सापडला की तपासायला द्यायचा. गोड चहा बंद, लिंबूपाणी चालू.
डेल्मारला सांगितलेलं नाही. माझा धाकटा भाऊ. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझी किडनी त्याला जुळते, ऑक्टोबरात शेवटची तपासणी. खडे होणाऱ्या बाईची किडनी घेतात का?

८ सप्टेंबर
कंबरेपासून जांघेपर्यंत कळ. न्हाणीघराच्या फरशीवर बसून होते. काही पडलं नाही.

९ सप्टेंबर
सांगून टाकलं. डेल्मार आधी म्हणाला, "फार दुखतंय का गं ताई?" मग, "ऑक्टोबरचं काय?"
दात्यांची चौकशी बघणारी नर्स योलांडा म्हणते, एका खड्यानं लगेच नकार येत नाही. तो कशाचा बनलाय ते बघू.

१४ सप्टेंबर
गाळणी रिकामी. बरं वाटलं.
बरं का वाटलं?

१९ सप्टेंबर
चर्चमध्ये सगळ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून खडा पडू दे म्हणून प्रार्थना केली. डेल्मारचा हात सर्वांत थंड होता. मीही आमेन म्हटलं. पण मनात नेमकं काय मागत होते, देव जाणे. मला तरी कळलं नाही.

२३ सप्टेंबर
पडला. तपकिरी, खरखरीत, मसुराच्या दाण्याएवढा. हॉइटनं टाळ्या वाजवल्या. मी रडले. आनंदानं, असं त्याला वाटलं.

६ ऑक्टोबर
योलांडानं एकटीला आत बोलावलं. खड्याचा अहवाल ठीक, किडनी देता येईल. मग दार लावून म्हणाली, "आता खरं सांग, द्यायची आहे का? नाही म्हणालीस तर त्याला एवढंच कळेल की तू दाता होऊ शकत नाहीस. खरं कारण आम्ही कुणाला सांगत नाही."
मी नाही म्हटलं.

७ ऑक्टोबर
डेल्मारचा फोन. "खड्यामुळेच ना, ताई? मनाला लावून घेऊ नकोस."
हो म्हणाले.